नळी निघाल्यानंतरचे दिवस : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची घरची शुश्रूषा

वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. त्या दिवशी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला. प्रशासनाची सीमा आखली गेली, तरी जंगल, धानाची शेती, मोहफुलांचा आणि तेंदूपानांचा हंगाम यांनी बांधलेले लोकजीवन दोन्हीकडे सारखेच राहिले. दूरच्या दवाखान्याचा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच राहिला. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा मुख्यालय गाठावयाचे तर सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावयाचे तर बहुधा नागपूरची वाट धरावी लागते.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेला वृद्ध हा सारा प्रवास करतो. शस्त्रक्रिया होते, काही दिवसांनी नळी काढली जाते आणि तो गावी परततो. शल्यचिकित्सकाचे काम तेथे बव्हंशी संपलेले असते. रुग्णाचे काम मात्र तेथूनच सुरू होते, कारण नळी निघाल्यावर काही काळ लघवीवर ताबा राहत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. खोकला आला की धोतर ओले होते. बाजेवरून उठेपर्यंत धीर धरवत नाही. रात्री अंथरूण भिजते. शस्त्रक्रिया फसली, अशी समजूत करून घेऊन रुग्ण मुकाट्याने कोपरा धरतो. वस्तुतः ही अवस्था बहुतेकांच्या बाबतीत तात्पुरती असते. योग्य व्यायाम, पुरेसे पाणी, स्वच्छता आणि घरच्यांचा धीर या चार गोष्टींनी ती घरच्या घरी आटोक्यात आणता येते. या चारही गोष्टींसाठी शहरात जावे लागत नाही. त्यांची माहिती मात्र गावापर्यंत पोहोचावी लागते.

ग्रंथी आणि तिची वाढ

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार साधारणतः मोठ्या आवळ्याएवढा असतो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वय वाढते तशी ही ग्रंथी वाढू लागते. साठीच्या घरातील सुमारे निम्म्या पुरुषांत तिची वाढ आढळते आणि पुढे हे प्रमाण वाढतच जाते. ही वाढ बहुधा साधी असते. तिला कर्करोग समजण्याचे कारण नाही. तथापि काहींच्या ग्रंथीत कर्करोगही उद्भवतो, म्हणून तपासणी टाळू नये.

ग्रंथी वाढली की तिच्या मधून जाणारा मूत्रमार्ग आवळला जातो. धार बारीक होते, लघवीला सुरुवात होण्यास वेळ लागतो, रात्री वारंवार उठावे लागते आणि काही वेळा लघवी पूर्णपणे अडते. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. अनेकांना औषधांनी आराम पडतो. लघवी वारंवार अडणे, मूत्राशयात खडे होणे, वरचेवर जंतुसंसर्ग होणे, रक्त जाणे किंवा मूत्रपिंडांवर ताण येणे, अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात येतो.

शस्त्रक्रियेचे प्रकार

या शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भारतात दीर्घकाळ सेवा केलेले शल्यचिकित्सक पीटर फ्रेयर यांनी निवृत्तीनंतर लंडन येथे वाढलेली ग्रंथी पोट उघडून काढण्याची पद्धत रूढ केली. १९०१ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून आतून ग्रंथी खरवडून काढण्याची पद्धत विकसित झाली. बोलीभाषेत तिलाच 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' म्हणतात. साध्या वाढीसाठी आज बहुतांशी हीच पद्धत वापरली जाते. तीत पोटावर छेद घ्यावा लागत नाही. ग्रंथी फार मोठी असेल तर काही वेळा पोटावर छेद घेतला जातो किंवा लेसर किरणांचा उपयोग केला जातो. या सर्व प्रकारांत ग्रंथीचा आतील भाग काढतात आणि बाहेरचे कवच तसेच ठेवतात.

कर्करोगाची शस्त्रक्रिया निराळी असते. तीत संपूर्ण ग्रंथी काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला पुन्हा जोडावे लागते. साध्या वाढीच्या शस्त्रक्रियेनंतर नळी सामान्यतः दोन-तीन दिवसांत निघते. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ती एक ते दोन आठवडे ठेवावी लागते. आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णास आणि त्याच्या घरच्यांस ठाऊक असावयास हवे, कारण लघवीच्या गळतीचे प्रमाण आणि कालावधी त्यावर अवलंबून असतो. रुग्णालयातून मिळालेले कार्यमुक्तीचे पत्र यास्तव जपून ठेवावे.

गळती का होते ?

लघवी रोखून धरण्याची निसर्गाने दुहेरी व्यवस्था केली आहे. धरणाच्या पाटाला दोन दारे असावीत तसे दोन वर्तुळाकार स्नायू मूत्रमार्गावर असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी असतो. तो आपोआप चालतो. दुसरा ग्रंथीच्या खालच्या बाजूस असतो आणि तो इच्छेनुसार आवळता येतो. ग्रंथी खरवडताना वरचे दार बहुधा सैल पडते. त्यानंतर सारा भार खालच्या दारावर येतो. आजवर निम्मे काम करणाऱ्या या स्नायूला पूर्ण काम शिकावे लागते आणि शिकण्यास वेळ लागतो.

दुसरे कारण मूत्राशयात असते. आवळलेल्या मार्गातून लघवी ढकलण्यासाठी मूत्राशयाने कित्येक वर्षे जोर केलेला असतो. त्यामुळे त्याची भिंत जाड आणि उतावीळ झालेली असते. अडथळा दूर झाला तरी ही सवय एकदम सुटत नाही. थोडीशी लघवी साठली तरी ते आकुंचन पावते आणि रुग्णास धाव घ्यावी लागते. शस्त्रक्रियेची आतील जखम ओली असेपर्यंत ही घाई अधिक जाणवते. जंतुसंसर्ग झाला असल्यास ती आणखी वाढते.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो ओळखणे महत्त्वाचे आहे. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, तर तुडुंब भरलेल्या माठातून पाणी ओसंडावे तशी लघवी थेंब थेंब गळत राहते. अशा वेळी ओटीपोट फुगलेले आणि दुखरे लागते. हा प्रकार घरी बरा होणारा नाही. त्यास वैद्यकीय मदत तातडीने लागते.

धीर किती दिवसांचा ?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरची घाई आणि गळती बहुधा काही आठवड्यांत कमी होत जाते. दोन-तीन महिन्यांत बहुसंख्य रुग्ण पूर्ववत होतात. खालच्या स्नायूला कायमची इजा होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे एक किंवा त्याहूनही कमी आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र आरंभी बहुतेकांना गळतीचा त्रास होतो. त्यांची प्रगती सावकाश होते. ती वर्षभर चालू राहते आणि वर्षअखेरीस बहुतेकांना पुरेसा ताबा मिळालेला असतो. प्रगती सहसा ठरावीक क्रमाने होते. प्रथम रात्र कोरडी जाऊ लागते, मग बसल्या जागचा त्रास थांबतो आणि चालताना, ओझे उचलताना होणारी गळती सर्वांत शेवटी जाते. संध्याकाळी थकल्यावर त्रास अधिक जाणवला तर घाबरू नये. दिवसभर काम केलेला स्नायूही थकतो.

व्यायाम : बिनखर्चाचे औषध

१९४८ साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतर लघवीवरील ताबा गमावलेल्या स्त्रियांसाठी एक व्यायाम प्रसिद्ध केला. पुढे तोच व्यायाम पुरुषांनाही शिकवला जाऊ लागला. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू असतात. मूत्राशय आणि गुदाशय यांना ते खालून आधार देतात. हे स्नायू बळकट करणे, हा या व्यायामाचा हेतू होय. नळी निघाल्यानंतर डॉक्टरांची अनुमती घेऊन तो सुरू करावा. नळी आत असताना करू नये.

प्रथम स्नायू ओळखावयाचा. चारचौघांत बसलेले असताना वायू सरू नये म्हणून माणूस गुदद्वार जसे आत आवळून धरतो, तशी क्रिया करावी. त्या वेळी लिंगाचे मूळ किंचित आत ओढले जाते आणि वृषण थोडे वर उचलले जातात. तसे झाले म्हणजे योग्य स्नायू सापडला. पोट, मांड्या किंवा नितंब ताठ होता कामा नयेत. श्वास रोखू नये. ओळख पटावी म्हणून लघवीची धार मध्येच एकदा थांबवून पाहण्यास हरकत नाही. रोज तसे करणे मात्र टाळावे, कारण त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची खोड लागू शकते.

आरंभी उताणे निजून, गुडघे उभे करून हा व्यायाम करावा. मनात पाच अंक मोजेपर्यंत स्नायू आवळून धरावा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा. असे दहा वेळा करावे. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळा हा पाठ गिरवावा. पाच अंक धरणे जमत नसेल तर दोन-तीन अंकांपासून प्रारंभ करावा आणि हळूहळू दहा अंकांपर्यंत जावे. त्यानंतर स्नायू झटकन आवळून झटकन सोडण्याची दहा आवर्तने करावीत. काही दिवसांनी हाच व्यायाम बसून आणि मग उभ्याने करावा. अधिक केल्याने अधिक लाभ होतो, असे समजून दिवसभर आवळत बसू नये. स्नायू थकला की गळती वाढते.

या व्यायामाचा खरा उपयोग व्यवहारात करावयाचा असतो. खोकला, शिंक येण्यापूर्वी, बाजेवरून उठण्यापूर्वी, पाण्याची बादली उचलण्यापूर्वी स्नायू आवळून घ्यावा. एकदा ही सवय अंगवळणी पडली की बरीचशी गळती थांबते. व्यायामाचे फळ दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून तो सोडून देणारे अनेक असतात. त्यांना थोपवणे हे घरच्यांचे काम होय.

लघवी करून उठल्यानंतर कपड्यात चार थेंब पडतात, अशीही तक्रार असते. त्यावर सोपा उपाय आहे. लघवी झाल्यावर वृषणांच्या मागील बाजूस बोटे ठेवून पुढच्या दिशेने हलकेच दाबत न्यावीत. मार्गात अडकलेले थेंब बाहेर पडतात.

वेळापत्रक मूत्राशयाचे

उतावीळ मूत्राशयाला शिस्त लावता येते. प्रथम दर दोन तासांनी, घाई असो वा नसो, लघवीस जावे. तेवढा काळ कोरडा जाऊ लागला की मधले अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवीत तीन ते चार तासांपर्यंत न्यावे. मध्येच घाई झाली तर धावू नये. जागीच थांबून स्नायू चार-पाच वेळा आवळावा, लाट ओसरू द्यावी आणि मग सावकाश जावे. किती वेळा जावे लागले, किती वेळा कपडे ओले झाले, याची नोंद ठेवावी. लिहिता न येणाऱ्याने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली तरी चालेल, किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाच्या वहीत ही नोंद करून घ्यावी. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो. रेघा कमी होत गेलेल्या पाहून रुग्णासही हुरूप येतो.

पाणी तोडू नये

कपडे ओले होऊ नयेत म्हणून पाणीच कमी प्यावे, हा विचार सर्वप्रथम मनात येतो आणि नेमका तोच घातक ठरतो. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा उन्हात पाणी तोडल्यास उष्माघाताचा धोका संभवतो. शिवाय लघवी दाट होते. दाट लघवी मूत्राशयाला झोंबते, त्यामुळे घाई आणि गळती वाढते. जंतुसंसर्ग आणि खडे यांनाही वाव मिळतो. शौचास कठीण होते आणि कुंथताना आतील जखमेतून रक्त जाऊ शकते. गळतीच्या भीतीने पाणी सोडणारा रुग्ण अशा रीतीने गळतीच ओढवून घेतो.

दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी सामान्यतः पुरेसे होते. उन्हाळ्यात आणि श्रमाच्या कामात अधिक लागते. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी प्यावे, हे मोजमाप कोणासही समजते. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे. रात्री वारंवार उठावे लागू नये म्हणून दिवसा भरपूर पाणी प्यावे आणि झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास कमी करावे. चहाचे प्रमाण आवरावे, कारण चहामुळे लघवीची घाई वाढते. दारू, मग ती मोहाची असो वा अन्य कोणती, या काळात पूर्णतः वर्ज्य करावी. बिडी सुटली तर खोकला कमी होईल आणि खोकला कमी झाला तर गळती कमी होईल. या भागात सर्रास चघळल्या जाणाऱ्या खऱ्यालाही याच निमित्ताने निरोप द्यावा. तोंडाच्या कर्करोगाचे एक मोठे कारण त्यामुळे दूर होईल.

कामावर कधी जावे ?

शेतकऱ्यास आणि वनोपजावर जगणाऱ्यास विश्रांती परवडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची असतात, एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडावयाची असतात आणि पाऊस पडला की धानाची रोवणी उभी राहते. तथापि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड ओझे उचलणे, नांगर धरणे, लाकडे फोडणे, खाचखळग्यांच्या वाटेने सायकल किंवा मोटारसायकल चालविणे टाळावे. पोटावर छेद असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ही मुदत वाढवावी. सपाटीवर चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून हितावह असते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरविताना तातडी नसेल तर हंगामाचा विचार करण्यास हरकत नाही. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून टाके ओले असतानाच रानात जाण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

कापड, कातडी आणि अंथरूण

बरे होईपर्यंतच्या काळात कोरडे राहण्याची सोय करावी लागते. प्रौढांसाठी बाजारात मिळणारे डायपर सोयीचे असले, तरी महिनोन्महिने विकत घेणे प्रत्येकास शक्य नसते. जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या अनेक पदरी घड्या हा त्यावर चांगला उपाय आहे. घट्ट चड्डीत किंवा लंगोटात अशी घडी ठेवावी आणि ओली होताच बदलावी. वापरलेल्या घड्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. आडोशाला, दमट जागी वाळविलेल्या कापडात जंतू वाढतात. लाजेपोटी कापडे लपवून वाळविण्याची गरज नाही.

लघवीने सतत ओली राहणारी कातडी लाल होते, चिरते आणि तिला खाज सुटते. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने आणि पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडी करावी आणि खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा. अंथरुणावर मेणकापड घालून त्यावर सुती चादर पसरावी. बाजेजवळ झाकणाचे भांडे ठेवावे. रात्री अंधारात, पावसात, साप-विंचवाच्या भीतीत बाहेर जाण्यापेक्षा ते सुरक्षित असते.

गळती थांबावी म्हणून लिंगाला दोरा किंवा रबर बांधण्याचा प्रकार कोणीही करू नये. रक्तपुरवठा तुटून अवयव काळा पडण्याचा धोका त्यात असतो. प्रवासासाठी किंवा लग्नकार्यासाठी बाहेरून बसविण्याची पिशवीची साधने मिळतात. ती आरोग्य कर्मचाऱ्याकडून वापर शिकल्यावरच वापरावीत.

काही रुग्ण नळीसह घरी पाठविले जातात. अशांची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगलेली असावी. ती उचलून खांद्यावर किंवा बाजेवर ठेवल्यास लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळीला पीळ पडू देऊ नये, तिला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत आणि ठरलेल्या दिवशी ती काढून घ्यावी. काही गावांत नळी महिनोन्महिने तशीच राहते. तिच्याभोवती खडे जमतात आणि साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

दवाखाना केव्हा गाठावा ?

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे लघवी अधूनमधून लालसर होणे स्वाभाविक आहे. भरपूर पाणी आणि विश्रांती यांनी ती निवळते. मात्र रक्ताच्या गुठळ्या पडणे, लघवी पूर्ण अडणे, थंडी वाजून ताप येणे, वृषणाला सूज येणे, ओटीपोट फुगून थेंब थेंब गळती होणे किंवा बरी होत आलेली गळती एकाएकी वाढणे, यांपैकी काहीही घडल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. २०१४ पासून महाराष्ट्रात कार्यरत असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळी बोलवावी. धार पुन्हा बारीक होऊ लागल्यासही दाखवावे.

पावसाळ्यात येथे वेळेला अधिक मोल असते. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटल्याचा अनुभव अनेक पावसाळ्यांत आलेला आहे. दुर्गम गावच्या रुग्णाची नळी काढण्याचा किंवा तपासणीचा दिवस पावसाळ्यात येत असेल, तर तो काळ नातलगाकडे, रस्त्यावरच्या गावी काढणे शहाणपणाचे ठरते.

तीन ते सहा महिने नियमाने व्यायाम करूनही सुधारणा होत नसेल, तर पुन्हा तज्ज्ञांकडे जावे. उतावीळ मूत्राशयावर औषधे आहेत. स्नायूला कायमची इजा झाली असल्यास वर्षभर वाट पाहून करावयाच्या शस्त्रक्रियाही आहेत. उपाय संपले, असे समजून आयुष्य ओल्या कपड्यांत काढण्याचे कारण नाही.

सोयी आणि संस्था

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ कोणत्या शस्त्रक्रियेस आणि कोणत्या रुग्णालयात मिळेल, याची माहिती तेथील आरोग्यमित्र देतात. चंद्रपूर येथे २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२४ साली गडचिरोली येथेही असे महाविद्यालय सुरू झाले. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून विदर्भातील रुग्णांची सेवा करीत आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला.

घरची शुश्रूषा ही दुय्यम प्रतीची असते, असा समज असल्यास गडचिरोलीनेच तो खोडून काढला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित केले. त्यांनी घरोघरी केलेल्या नवजात बालकांच्या शुश्रूषेमुळे बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात बालकासाठी जे शक्य झाले, ते शस्त्रक्रियेहून परतलेल्या वृद्धासाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

गावाची जबाबदारी

या विकाराचे सर्वांत मोठे ओझे लाजेचे असते. ग्रामसभेत बसणारा, तंटे सोडविणारा, लग्ने जुळविणारा वडीलधारा माणूस वास येईल या भीतीने घराबाहेर पडेनासा होतो. बाजाराच्या दिवशी एसटीत बसणे टाळतो. सुनेने अंथरूण धुवावे, हे त्याला सहन होत नाही. हळूहळू बोलणे तुटते, जेवण कमी होते. शस्त्रक्रियेने वाचविलेला माणूस असा आपल्याच घरात हरवतो.

यावर पंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेहून कोण परतला, हे गावात सर्वांस ठाऊक असते. आशा कार्यकर्तीने किंवा, विषय पुरुषांचा असल्याने, पुरुष आरोग्य सेवकाने पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा भेट द्यावी, कागदपत्रे पाहावीत, व्यायाम करवून घ्यावा आणि नोंदीची वही तपासावी. भेट माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली, जी घरची भाषा असेल तीत व्हावी. शब्द समजला तरच व्यायाम समजतो. पंचायतीने रुग्णाच्या घरचे शौचालय वापरण्याजोगे आहे ना, त्याच्या वाटेवर उजेड आहे ना, हे पाहावे. ग्रामसभेच्या आणि बाजाराच्या जागी स्वच्छ मुतारी असणे ही वृद्धांच्या दृष्टीने चैन नाही. तिच्यावाचून त्यांचे येणेच थांबते. शिक्षकांनी शरीररचनेच्या पाठात मूत्रसंस्थेची माहिती न हसता, न टाळता द्यावी. त्या वर्गातील एखादा मुलगा घरी जाऊन आजोबांची वही लिहिणार असतो.

ज्यांना हा त्रास होऊन गेला आणि जे बरे झाले, त्यांचे दोन शब्द सर्वांहून मोलाचे ठरतात. 'मलाही असेच झाले होते, रोवणीपर्यंत थांबले,' असे शेजारच्या पाड्यावरील समवयस्काने सांगितले की जो धीर येतो, तो कोणत्याही पत्रकाने येत नाही. अशी भेट घडवून आणणे हे कोणत्याही योजनेच्या निधीवाचून होणारे काम आहे. नळी निघाल्यानंतरचे ते पहिले काही आठवडे गावाने सांभाळले, तर पुढच्या ग्रामसभेत तो वडीलधारा माणूस आपल्या नेहमीच्या जागी बसलेला दिसेल.